एका बाहुल्याचे सीमोल्लंघन

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे प्रदर्शनाची तारीख, चित्रगृहाचे नाव आणि चाललेले आठवडे यांची नोंद करून पुढे जातात. सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना हा हिशेब कधी नीटसा लागू पडला नाही. मुंबई-पुण्यात चित्रपट लागला की तो ‘आला’ असे होई. निपाणी, चिकोडी, खानापूरच्या बाजूला तो केव्हा आणि कोणत्या वाटेने पोहोचेल, हे कोणी सांगू शकत नसे. निपाणीकराला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर. तंबाखूच्या वखारीतला माणूस सकाळच्या एस.टी.ने जाऊन दुपारचा खेळ पाहून रात्री घरी येई. ज्याला एवढे जमत नसे, तो वाट पाही. अशी वाट पाहायला लावून शेवटी आमच्या दारी आलेल्या एका चित्रपटाची ही हकिगत आहे. १९९३ सालचा, महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’.

अशा विषयावर या अंकाची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. आमच्याही मनात आला होता. भुताचा, त्यातही विनोदी चित्रपट. शिष्ट समीक्षकांनी त्याची दखल घेतली नाही तर त्यात नवल नव्हते. परंतु या बाहुल्याच्या मागे जाऊ लागलो, तेव्हा वाट सांगलीच्या राजवाड्यापर्यंत आणि तेथून पुढे थेट उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंत गेली, म्हणून लेखणी उचलली.

कोठारे यांची कारकीर्द बालनट म्हणून सुरू झाली. १९६३ च्या ‘छोटा जवान’मधला तो मुलगा पुढे कायद्याचा पदवीधर झाला आणि १९८५ मध्ये ‘धूमधडाका’ घेऊन दिग्दर्शक म्हणून उभा राहिला. त्या चित्रपटाचे मूळ १९६४ च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटात होते. त्याच गोष्टीवर हिंदीत १९६६ साली ‘प्यार किये जा’ आणि कन्नडमध्ये १९७९ साली ‘प्रीती माडु तमाशे नोडु’ निघाला होता. बेळगावातल्या दोन्ही भाषा जाणणाऱ्या प्रेक्षकाला त्यामुळे ‘धूमधडाका’ पाहताना जुना शेजारी नवा सदरा घालून आल्यासारखे वाटले असल्यास आश्चर्य नाही. पुढे १९९० चा ‘धडाकेबाज’ आला. मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्यात बाटलीत राहणारा एक चिमुकला लक्ष्मीकांत बेर्डे होता. लहान आकाराच्या वस्तूत मोठा जीव कोंडायचा आणि त्यातून गंमत काढायची, ही कोठाऱ्यांची खोड तेथेच दिसते.

‘झपाटलेला’ची कल्पना अमेरिकेतून आली. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये एक खुनी मरताना मंत्राच्या बळावर आपला आत्मा दुकानातल्या बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला एका लहान मुलाच्या हाती लागतो. कोठाऱ्यांनी हा सांगाडा घेतला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र दोन बदल असे केले की गोष्टीचा जीवच पालटला. अमेरिकेतला बळी सहा वर्षांचा पोर आहे. तेथे प्रेक्षकाला केवळ भीती वाटते. येथे बळी आहे लग्नाच्या वयाचा, आईच्या धाकातला, भाबडा लक्ष्या. मोठा माणूस बाहुल्याला घाबरून पळतो, गावातले कोणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि हसू येते. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. तिकडचा बाहुला कारखान्यात तयार झालेले खेळणे होता. इकडचा लक्ष्या स्वतःच शब्दभ्रमकार, बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा आहे. बाहुल्याला बोलते करणे हा ज्याचा धंदा, त्याच्याच घरात बाहुला आपल्या मनाने बोलू लागतो. ही कल्पना कोणत्याही परदेशी चित्रपटातून उचललेली नाही. ती आपल्याकडच्या एका घराण्यातून आली, असे आम्ही मानतो.

ते घराणे पाध्यांचे. यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला घडवला आणि शब्दभ्रमाची कला मराठी रंगमंचावर रुजवली. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये १९६७ पासून तो वारसा चालवू लागले. तात्या विंचूचा बाहुला घडला तो याच रामदास पाध्यांच्या हातून. संगणकाच्या साहाय्याने चित्र हलवण्याचे दिवस मराठी चित्रपटाला अजून यायचे होते. जे काही दिसते ते लाकूड, कापड, तारा आणि चौकटीबाहेर दबा धरून बसलेल्या माणसांच्या बोटांचे काम. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक इन्स्पेक्टर ही तिन्ही कामे कोठारे यांच्याकडेच होती. मागे कोणतीही मोठी चित्रसंस्था नव्हती. कमी पैशातल्या कामात जी काटकसर दिसते ती येथेही दिसते. बाहुल्याचे पाय फारसे दाखवलेले नाहीत, हे चाणाक्ष मुलांच्या तेव्हाही लक्षात आले होते. पण नजर, मान आणि जबडा एवढ्या तीन ठिकाणी जीव आणला की बाकीचे प्रेक्षक स्वतः पुरवतो.

याच रामदास पाध्यांनी विष्णुदास भावे यांच्या जुन्या लाकडी बाहुल्यांची डागडुजी करून त्यांचे खेळ पुन्हा रंगमंचावर आणले. भावे आपल्याला ठाऊक आहेत ते १८४३ च्या ‘सीतास्वयंवर’मुळे, मराठी नाटकाचे आद्य प्रवर्तक म्हणून. ते नाटक घडले कसे? कारवार प्रांतातल्या कर्की गावची भागवत मंडळी १८४२ साली सांगलीस खेळ करून गेली आणि ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसे काही करण्याची आज्ञा केली. म्हणजे मराठी नाटकाचे बी कानडी मुलुखातून आले. भाव्यांच्या खेळांत राक्षसपार्टी आरोळ्या ठोकीत, राळेचे भपके उडवीत रंगभूमीवर येई आणि तिच्या पाठोपाठ विदूषक प्रेक्षकांना पोट धरून हसवी. पुढे सुशिक्षितांनी ‘अललडुर्र’ म्हणून या प्रकाराची टवाळी केली. त्यानंतर आपल्याच गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी, सरकारी नोकरी करीत असताना, १८८० मध्ये संगीत ‘शाकुंतल’ उभे केले आणि नाटक सभ्य झाले. (आम्हीही आयुष्यभर सरकारी नोकरी केली; आमच्या हातून टिपण्यांशिवाय काही झाले नाही, हे जाता जाता कबूल करतो.) राक्षस आणि विदूषक मात्र कोठे गेले नाहीत. कोकणातल्या दशावतारात संकासुर आजही मुलांना घाबरवतो आणि थोरांना हसवतो. तात्या विंचू त्यांचाच वंशज आहे, अमेरिकेहून आलेला दत्तक मुलगा म्हणा हवे तर.

त्या बाहुल्याला देह पाध्यांनी दिला, तसा माणसाचा चेहरा आणि आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी. दोनच वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, ‘चौकट राजा’तल्या नंदूने त्यांनी प्रेक्षकांना रडवले होते, पुढे २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते गांधीजी झाले. एकाच कंठातून हे तिघे निघाले, यावर आमच्या नातवंडांचा विश्वास बसत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. न बोलणाऱ्या वस्तूसमोर उभे राहून भीती आणि विनोद एकाच वेळी तोंडावर आणणे सोपे नाही. त्यांच्या वाट्याला याचे श्रेय फार उशिरा आले.

आता प्रदर्शनाकडे वळू. आम्ही त्या काळी कर्नाटक शासनाच्या सेवेत तालुका पातळीवर होतो. १९५८ चा करमणूक कराचा कायदा आणि १९६४ चा चित्रपटगृहांच्या नियमनाचा कायदा या दोहोंशी आमचा नित्याचा संबंध येई. कन्नड चित्रपटांना करात सवलत असे, ‘इतर भाषां’ना नसे. पलीकडे महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करपरताव्याची योजना होती. दोन्ही राज्यांनी आपापल्या भाषेचे केले, त्यांना दोष कसा द्यावा? मात्र जो मराठी चित्रपट हद्द ओलांडून येई, तो तिकडचा आधार मागे सोडून येई आणि इकडे परका ठरे. आमच्या नोंदवहीत ‘झपाटलेला’ हा इतर भाषेतला चित्रपट होता; तो पाहायला येणारी माणसे मात्र सात पिढ्यांची येथलीच होती.

शहरातल्या चित्रगृहांतून उतरलेली रिळे मग फिरत्या तंबूंकडे जात. पिके निघाली की जत्रांचा हंगाम सुरू होई. मालमोटारीवर प्रक्षेपक चढवलेला, समोर कापडी पडदा, खाली जमिनीवर बैठक. त्यासाठी परवाना, विजेचा दाखला, तंबूच्या मजबुतीचा दाखला आणि शिक्का मारलेल्या तिकिटांच्या वह्या लागत. १९९५ च्या सुमारास कृष्णाकाठच्या एका जत्रेत रात्री तपासणीसाठी आम्ही गेलो. आत ‘झपाटलेला’ रंगात आला होता. निम्मे प्रेक्षक कन्नड बोलणारे, बाहुल्याने डोळे उघडले की “गोंबी बंतु!” अशी आरोळी उठे आणि मागोमाग हशा. तिकिटांची एक वही शिक्क्याविना निघाली, परवान्याची मुदतही आदल्या दिवशी संपलेली. नियम स्पष्ट होता. आम्ही खेळ थांबवला. दंड आकारून खेळ पुरा होऊ देता आला असता, हे आज वाटते. त्या रात्री कनिष्ठ अधिकाऱ्याला नियमाचा कडकपणा हाच मान वाटत होता. दिवे लागले. लोक फारसे भांडले नाहीत, घोंगड्या झटकून उठले. आईच्या कडेवरचा एक मुलगा तेवढा, बाहुल्याचे पुढे काय झाले, असे विचारत राहिला. तंबूमालकाने कागदावर सही केली आणि आम्हांला चहा विचारला. पुढच्या वर्षी त्याचा परवान्यासाठी अर्ज आला नाही. आम्ही टपालाची वही दोनदा पाहिली होती.

अशा तंबूंचा पुढला प्रवास ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने टिपला आहे. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. करमणूक कराचा तो कायदाही २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आल्यावर इतिहासजमा झाला.

चित्रपट मात्र थांबला नाही. १९९५ मध्ये तो ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीत गेला. आमच्या भागात तो भाड्याच्या कॅसेटवर आला, रातराणी बसमधल्या दूरचित्रवाणी संचावर आला आणि १९९९ नंतर मराठी वाहिन्या सुरू झाल्यावर तर घरोघरी, जेवणाच्या ताटापुढे आला. यांपैकी एकाही प्रदर्शनाची नोंद कोणत्याही वहीत नाही. घरात कन्नड आणि इंग्रजी शाळांत जाणारी मुले होती. त्यांनी मराठी पुस्तक उघडले नाही, पण बाहुल्याच्या तोंडचे मराठी त्यांना मुखोद्गत झाले. याचा आनंद मानावा की खेद, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

आम्ही स्वतः शेवट पाहिला तो निपाणीत, एका गणेश मंडळापुढे. रस्त्यावर आडवे पांढरे कापड ताणले होते. पुढे जागा उरली नव्हती, म्हणून कापडाच्या मागल्या बाजूस उभे राहिलो. तेथून नावे उलटी दिसत, डावा हात उजवा होई. बाकी सारे तसेच. इन्स्पेक्टरची गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागली आणि बाहुला पडला. शेजारी एक कन्नड शाळेतला मुलगा सायकलच्या दांडीवर बसला होता. तो वडिलांना म्हणाला, “मत्त बर्तान.” परत येईल तो.

७ जून २०१३ रोजी ‘झपाटलेला २’ लागला, मराठीतला पहिला त्रिमितीय चित्रपट म्हणून गाजावाजा होऊन. त्याला काळे चष्मे आणि खास यंत्रे लागत. तंबूत किंवा रस्त्यावरच्या धुवट कापडावर तो दाखवता येण्याजोगा नव्हता. आम्ही सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन तो पाहिला आणि रात्री परतलो.