मिलिंग यंत्राचे संगणकीय रूपांतर : कौशल्याच्या मालकीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

यंत्रांच्या इतिहासात संशोधकाचे नाव आणि शोधाचे वर्ष यांना जेवढे महत्त्व मिळते, तेवढे ते यंत्र कोणाच्या हुकमाने चालत होते या प्रश्नाला मिळत नाही. लाकूड किंवा धातू कोरणारे मिलिंग यंत्र हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. या यंत्राची चाके कारागीर हाताने फिरवीत असे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या चाकांच्या जागी मोटारी आल्या आणि त्यांना आकड्यांनी चालविले जाऊ लागले. हा बदल प्रथम हवाई दलाच्या पैशाने झाला. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी हाच बदल हौशी सुतार व छांदिष्ट कारागीर आपल्या घरच्या खोलीत, स्वतःच्या खर्चाने करू लागले. कृती एकच असली तरी तिचा सामाजिक अर्थ दोन्ही वेळी वेगळा होता. तो फरक कोणता आणि तो कशामुळे घडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाकूडकामातील पूर्वपीठिका :

यंत्राला आकार 'सांगण्याची' कल्पना धातुकामापेक्षा लाकूडकामात आधी रुजली. इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील आरमारी गोदीत मार्क ब्रुनेल, सॅम्युअल बेंथम आणि हेन्री मॉडस्ली यांच्या प्रयत्नांतून १८०२ नंतरच्या काही वर्षांत जहाजाच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या तयार करणारी यंत्रमाला उभी राहिली. १८०८ पर्यंत तेथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर जे काम करीत, ते १० अकुशल माणसे करू लागली, असे या यंत्रमालेबाबत नोंदविले जाते.

अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड याने १८१९ मध्ये बंदुकीचे लाकडी दस्ते कोरणाऱ्या लेथचे पेटंट घेतले. या यंत्रात एका नमुन्यावरून चाक फिरे आणि त्याच्या चढउतारांप्रमाणे पाते दुसऱ्या लाकडावर तोच वेडावाकडा आकार कोरी. आकाराची स्मृती येथे कारागिराच्या हातातून निघून नमुन्यात गेली. तथापि तो मूळ नमुना कोणा कसबी माणसालाच घडवावा लागे. आकार आणि हात यांचा संबंध दूर झाला होता, तुटला मात्र नव्हता.

आकड्यांचे नियंत्रण : १९४९ ते १९५९

हा संबंध तोडण्याचे काम मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे सुरू झाले. जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरच्या पंख्यांची पाती तयार होत. त्यांच्या छेदाचा आकार तपासण्यासाठी अचूक फर्मे लागत. पूर्वी असा फर्मा वक्ररेषेवरील १७ बिंदूंवरून आखला जाई व मधली रेषा कारागीर नजरेने जुळवून घेई. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या गणनयंत्रावर २०० बिंदू काढून दिले. मग एक माणूस तक्त्यावरील आकडे मोठ्याने वाची आणि इतर दोघे यंत्राची दोन चाके त्या त्या आकड्यापर्यंत फिरवीत. म्हणजे संख्यात्मक नियंत्रण प्रथम माणसांकरवी झाले, मोटारी नंतर आल्या. चाक फिरविणाऱ्याने स्वतःचा निर्णय वापरू नये, एवढाच बदल आधी झाला होता. माणूस त्या कामासाठी अनावश्यक ठरणे ही पुढची पायरी होती.

१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कल्पनेसाठी पार्सन्स यांना कंत्राट दिले व त्याच वर्षी एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळा या कामात सहभागी झाली. प्रयोगशाळेने नवे यंत्र घडविले नाही. सिनसिनाटी कंपनीचे 'हायड्रो-टेल' हे प्रचलित मिलिंग यंत्र घेऊन त्याच्या तीनही अक्षांना स्वयंनियंत्रित चालना जोडण्यात आली. आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून दिल्या जात. शेकडो निर्वात नळ्या व रिले असलेली नियंत्रक कपाटे यंत्राशेजारी उभी करावी लागली. सप्टेंबर १९५२ मध्ये या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. याचा अर्थ असा, की जगातील पहिले संख्या-नियंत्रित मिलिंग यंत्र हे हाताने चालणाऱ्या यंत्राचे रूपांतरच होते. हौशी कारागिरांच्या पुढील काळातील खटपटीकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

नव्या यंत्रांना सुरुवातीस बाजारात फारशी मागणी नव्हती. हवाई दलानेच शंभराहून अधिक यंत्रांचा खर्च उचलून ती विमान-उद्योगाला वापरण्यास दिली. फितीसाठी लागणारे गणित सुकर व्हावे म्हणून एमआयटीत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली 'एपीटी' ही भाषा तयार झाली. १९५९ मध्ये तिची जाहीर ओळख करून देताना या पद्धतीने कोरलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र पत्रकारांना भेट देण्यात आले होते.

वाद : यंत्र कोणाच्या हुकमाने चालावे?

याच काळात दुसराही एक मार्ग उपलब्ध होता. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 'नोंद आणि पुनरावृत्ती' पद्धती विकसित झाली होती. कसबी कारागीर पहिला भाग हाताने कोरी, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जात आणि पुढचे भाग यंत्र त्या नोंदीवरून तयार करी. येथे आज्ञावली कारागिराच्या कसबातूनच निर्माण होत होती. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (१९८४) या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ही पद्धत मागे पडण्यामागे केवळ तांत्रिक कारणे नव्हती. उत्पादनाचा ताबा कामगाराच्या हातून व्यवस्थापनाकडे यावा, ही इच्छा त्या निवडीमागे होती. तत्पूर्वी हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ च्या 'लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल' या ग्रंथात आधुनिक उद्योगात विचार आणि कृती यांची फारकत कशी होते, याचे विवेचन केले होते.

नोबल यांच्या मांडणीस एक मर्यादा आहे. विमानाच्या पृष्ठभागाचे काही आकार असे होते की ते हाताने पहिल्यांदा कोरणेच कठीण होते. जे हाताला साधत नाही त्याची नोंद तरी कशाची घ्यायची? तेथे आकड्यांचा मार्ग अपरिहार्य होता. परंतु हे सर्व कामांना लागू नव्हते. साध्या कामांतही ज्या कारखान्यांनी आज्ञावली लिहिणारा व यंत्रापाशी उभा राहणारा अशी दोन माणसे वेगळी ठेवली, तेथे तंत्रज्ञानाची गरज नसून व्यवस्थेची निवड होती. नोबल यांच्या मांडणीचे मोल या मुद्द्यापुरते कायम राहते.

घरच्या कार्यशाळेतील रूपांतर :

ही फारकत पुसण्याची शक्यता वैयक्तिक संगणकामुळे निर्माण झाली. यातील महत्त्वाचा टप्पाही शासकीय खर्चातूनच आला. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेने १९९० च्या दशकात 'एनहान्स्ड मशीन कंट्रोलर' ही नियंत्रणप्रणाली विकसित केली. शासकीय काम असल्याने ती सार्वजनिक मालकीची राहिली. स्वयंसेवकांनी ती पुढे वाढविली आणि २०११ मध्ये तिला 'लिनक्स-सीएनसी' हे नाव मिळाले. २००५ मध्ये इटलीत 'आर्दुइनो' ही स्वस्त नियंत्रक पाटी तयार झाली. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी तिच्यावर चालणारी 'जीआरबीएल' ही मुक्त प्रणाली लिहिली. एकेकाळी कपाटे भरणारे नियंत्रण आता तळहातावर मावू लागले.

लाकूडकामात याची स्वतंत्र परंपरा दिसते. नॉर्थ कॅरोलायनातील टेड हॉल हे मेंदूविज्ञानाचे अभ्यासक होते. होड्यांसाठी प्लायवूडचे भाग कापण्याच्या हौसेतून त्यांनी स्वस्त संगणकीय यंत्र तयार केले आणि १९९६ पासून 'शॉपबॉट' या नावाने त्याची विक्री सुरू झाली. लहान दुकानदार आणि हौशी सुतार यांनाही परवडावे, हा त्यामागील हेतू होता.

तयार यंत्र विकत न घेता हाताशी असलेल्या यंत्राचे रूपांतर करणाऱ्याला मात्र यंत्र पुरते समजून घ्यावे लागते. चाक काढून त्या जागी स्टेपर मोटर बसविली की काम झाले, असे होत नाही. सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा असेल, तर एका पावलात मेज ०.०२५ मिलिमीटर सरकते. कागदावर ही अचूकता पुरेशी वाटते. प्रत्यक्षात जुन्या स्क्रू व नटामध्ये थोडी मोकळीक असते. दिशा बदलली की चाक काही अंश फिरते, पण मेज जागचे हलत नाही. हाताने काम करणारा ही ढिलाई बोटांनी ओळखतो व नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. संगणकाला ही जाणीव नसते. तेव्हा एकतर गोळ्यांचा स्क्रू बसवावा लागतो किंवा ढिलाई मोजून तिची भरपाई आज्ञावलीत करावी लागते. पाते लाकूड आपल्याकडे ओढू लागले तर मेज त्या मोकळ्या जागेत सरकते आणि तेथे गणिती भरपाईही पुरी पडत नाही.

लाकडाच्या आणखी काही अडचणी आहेत. धातूसाठी बनविलेल्या यंत्राची कणी लाकडासाठी फार सावकाश फिरते, म्हणून मिनिटाला दहा हजार वा त्याहून अधिक फेरे घेणारे राउटर बसवावे लागते. बारीक भुसा तेलकट स्क्रूवर बसून त्याचा लगदा होतो. लाकडाचे रेषे आडवे आले की कडा फाटतात. साध्या स्टेपर मोटारीचे एखादे पाऊल चुकले तरी ते नियंत्रकाला कळत नाही आणि पुढचे सारे काम मूकपणे बिघडते. या प्रत्येक ठिकाणी हाताने मिळविलेले ज्ञान उपयोगी पडते. कोणत्या बाजूने कापावे, किती खोल जावे, आवाज बदलला तर केव्हा थांबावे, हे ज्याला हाताने कळले आहे तोच ते आकड्यांत उतरवू शकतो.

महाराष्ट्राशी संबंध :

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात पोहोचतो. ज्या एमआयटीत १९५२ चे प्रात्यक्षिक झाले, तेथेच २००१ मध्ये नील गेर्शेनफेल्ड यांच्या नेतृत्वाखाली 'सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स' स्थापन झाले आणि त्यातून फॅब लॅबची चळवळ उभी राहिली. एमआयटीबाहेरील आरंभीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचा पाया 'काम करता करता शिकणे' हाच होता. हवाई दलासाठी जन्मलेले तंत्र ग्रामीण विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे साधन होऊ शकते, हे या उदाहरणावरून दिसते. एकच तंत्र भिन्न सामाजिक रचनेत भिन्न रूप घेते, या विधानाला याहून जवळचा पुरावा मराठी अभ्यासकाला क्वचितच सापडेल.

निष्कर्ष :

१) हाताने चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे रूपांतर ही हौशी कारागिरांनी शोधलेली पळवाट नाही. या तंत्राचा उगमच तशा रूपांतरातून झालेला आहे.

२) १९५० च्या दशकात संख्यात्मक नियंत्रणाने आखणारा व करणारा यांना वेगळे केले. घरच्या कार्यशाळेत यंत्राचा मालक, आज्ञावलीचा लेखक आणि यंत्रापाशी उभा राहणारा ही एकच व्यक्ती असते. त्यामुळे कौशल्याचा ऱ्हास हा या तंत्राचा अटळ परिणाम मानता येत नाही. तो मालकीच्या विशिष्ट रचनेचा परिणाम ठरतो.

३) ही पुनर्भेट बाजाराने आपोआप घडविली नाही. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली व सर्वांसाठी खुली राहिलेली प्रणाली, तसेच स्वयंसेवकांचे श्रम यांमुळे ती शक्य झाली.

४) मात्र छंदाची कार्यशाळा आणि मजुरीचा कारखाना यांत मूलभूत अंतर आहे. छांदिष्टाला आपले श्रम विकायचे नसतात. कारखान्यातील कामगाराला आज्ञावली लिहिण्याचा व बदलण्याचा अधिकार मिळावा की नाही, हा प्रश्न यंत्र स्वस्त झाल्याने सुटत नाही.

५) तांत्रिक शिक्षणाच्या दृष्टीने, विद्यार्थ्याने यंत्राला आज्ञा देण्यापूर्वी त्याची चाके स्वतः फिरविलेली असणे आवश्यक आहे. स्क्रूमधील ढिलाई ज्याच्या बोटांना कधी जाणवली नाही, त्याला तिची भरपाई आकड्यांत करता येणे कठीण आहे.