चवदार तळ्याचे झरे

२० मार्चला आपण कोनचे लोक पळस्प्यावरून महाडला जातो, चवदार तळ्याला वंदन करतो. एका वर्षी गर्दी ओसरल्यावर आम्ही गिरणीतले चौघे तळ्याभोवती पायी फिरलो. एवढं पाणी येतं कुठून? पावसाचंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पुढे १७ मार्च १९३७ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल वाचला. तळ्याला पावसाच्या पाण्याबरोबर नैसर्गिक झरेही आहेत, अशी त्यात नोंद! १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती या पाण्याची. सनातन्यांनी दावा लावला: तळं खाजगी, आणि अस्पृश्यांना बंदीची वहिवाट पुरातन. ती वहिवाट कोर्टात सिद्ध झाली नाही. जमिनीतून येणाऱ्या झऱ्याला कसली आली जात? पोराबाळांना महाडला न्याल तेव्हा एवढं जरूर सांगा. जयभीम!