पोर्टर बीअर व जुन्या वह्यांतील ‘तपकिरी माल्ट’

जुन्या कागदांतील एखादा शब्द आजही प्रचारांत आहे, एवढ्यावरून त्याचा अर्थही आजचाच होता असें धरून चालल्यास कशी फसगत होते, याचें प्रस्तुत लेखकाच्या अनुभवांतील एक उदाहरण अभ्यासकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

पोर्टर ही इंग्लंडांतील काळसर बीअर होय. अठराव्या शतकांत ती लंडन येथें उदयास आली व तेथील हमालांच्या आवडीमुळें तिला हें नांव पडलें. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळांत ती हिंदुस्थानांतही येत असे. पहिल्या महायुद्धानंतर तिचा प्रचार ओसरला व पुढें ती जवळजवळ नामशेष झाली. १९७० च्या दशकांत ‘डर्डन पार्क बीअर सर्कल’ या हौशी मंडळानें कारखान्यांच्या जुन्या वह्या धुंडाळून असे लुप्त प्रकार घरीं करून पाहिले.

प्रस्तुत लेखकासही विलायतेंतील वास्तव्यांत हाच छंद होता. आरंभींची पोर्टर केवळ तपकिरी माल्टाची, म्हणजे मोड आणून भट्टींत वाळविलेल्या जवांची, होत असे असें वाचून त्यानें बाजारांतील तपकिरी माल्ट आणून गरम पाण्यांत भिजविला. पाण्यास गोडी अशी आलीच नाहीं. जळकट पेज मात्र हातीं लागली! दोष कृतीचा नव्हता, शब्दाच्या वाचनाचा होता. जुना तपकिरी माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवीत, तरी पिष्टाची साखर करणारें द्रव्य त्यांत शिल्लक राही. आजचा त्याच नांवाचा माल्ट इतका भाजलेला असतो कीं तें द्रव्य नष्ट होतें.

हा पालट कशामुळें झाला? १७८४ सालीं जॉन रिचर्डसन यानें साखरमापक यंत्राच्या उपयोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. फिक्या माल्टांतून तपकिरीपेक्षां अधिक सत्त्व निघतें हें त्या यंत्रानें उघड झालें व कारखानदार फिक्याकडे वळले. रंगाची उणीव जळक्या साखरेनें भरून काढूं लागले, तों १८१६ च्या कायद्यानें तीस बंदी झाली. १८१७ सालीं डॅनियल व्हीलर यानें माल्ट काळा भाजण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून फिका माल्ट मुख्य व काळा रंगापुरता असें मिश्रण रूढ झालें; तपकिरी चवीपुरता उरला.

तात्पर्य, नांव टिकलें, वस्तु बदलली. मापांसही हेंच लागू आहे: शाही गॅलन १८२४ च्या कायद्यानें ठरला, त्यापूर्वींचा बीअरचा गॅलन त्याहून किंचित् मोठा होता. आपल्या दप्तरांतील खंडी व शेर प्रांतोप्रांतीं भिन्न असत, हें संग्राहकांस ठाऊकच आहे. यास्तव वही हातीं येतांच प्रथम तिचें साल व स्थळ निश्चित करावें, आणि मगच तींतील शब्दाचा अर्थ लावावा.