पिनरच्या वेशीवरची कोळसा-जकात

पिनर हे लंडनच्या वायव्येचं उपनगर, आज हॅरो बरोचा भाग. पूर्वी ते मिडलसेक्समधलं गाव होतं आणि त्याच्या उत्तरेला हर्टफर्डशरची हद्द लागे. त्या बाजूला पॉटर स्ट्रीट हिलच्या चढावर ओतीव लोखंडाचा चारेक फूट उंचीचा खांब उभा आहे. त्यावर लंडन सिटीचं चिन्ह आहे आणि १८६१ च्या एका कायद्याचा क्रमांक कोरलेला आहे. असे अडीचशेहून अधिक खांब तेव्हा लंडनभोवती उभारले गेले आणि त्यांतले दोनशेच्या आसपास अजून टिकून आहेत. लोखंडी खांब रीजेंट्स कॅनॉल आयर्नवर्क्स या कारखान्यात हेन्री ग्रिसेलने ओतले. खांबांनी आखलेल्या हद्दीच्या आत कोळसा आला की त्यावर जकात लागू होई.

पिनरला व्यापारावरच्या अशा हुकमतीची ओळख फार जुनी होती. १३३६ साली राजा तिसऱ्या एडवर्डने कँटरबरीच्या आर्चबिशपला पिनरमध्ये दर बुधवारी बाजार आणि वर्षातून दोन जत्रा भरवण्याची सनद दिली. आर्चबिशप हा हॅरोच्या जहागिरीचा धनी होता आणि पिनर त्याच जहागिरीत होतं. इंग्लंडमध्ये कुणालाही मनाला येईल तिथे बाजार मांडता येत नसे. तो हक्क राजाकडून मिळवावा लागे. हक्क मिळाला की जागेचं भाडं आणि शुल्क घेता येई, आणि शेजारी कुणी नवा बाजार उभारून गिऱ्हाईक तोडलं तर दाद मागता येई. पेशवाईत पेठ वसवण्यासाठी शेटे-महाजनांना वतन आणि व्यापाऱ्यांना जकातमाफीचा कौल मिळे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. पिनरचा आठवड्याचा बाजार काळाच्या ओघात संपला. जत्रा मात्र दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, एका बुधवारी, गावाच्या हाय स्ट्रीटवर आजही भरते.

कोळशाची जकात मात्र लंडन सिटी कॉर्पोरेशनची. १६६६ च्या आगीत शहर जळाल्यावर संसदेने कोळशावर कर बसवला, आणि सेंट पॉल कॅथेड्रल व क्रिस्टोफर रेनची चर्चेस ज्या पैशातून उभी राहिली त्याचा मोठा वाटा या कोळशातून आला. तेव्हा कोळसा न्यूकॅसलहून समुद्रमार्गे येई आणि थेम्सवर मोजला जाई, त्यामुळे वसुली सोपी होती. पुढे कालवे आले, मग रेल्वे आली, आणि कोळसा सगळ्या दिशांनी शहरात शिरू लागला. नदीवरचा नाका पुरेना. म्हणून कायद्याने शहराभोवती एक रेषाच आखली. १८६१ मध्ये ती महानगर पोलिसांच्या हद्दीशी जुळवली गेली. त्यामुळे पिनर आत राहिलं आणि पलीकडचं हर्टफर्डशरचं रान बाहेर.

कर टनामागे १ शिलिंग १ पेनी. कालव्यांवरून आणि रेल्वेने येणाऱ्या कोळशाचा हिशेब त्या-त्या ठिकाणी ठेवला जाई. रस्त्यावरच्या खांबापाशी फाटक नव्हतं. हद्द कुठून सुरू होते हे माहीत नव्हतं असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढंच त्या खांबाचं काम. जकात वजनावर होती, किमतीवर नव्हे. उंची कोळसा जाळणाऱ्या बंगल्याला आणि हलका कोळसा घेणाऱ्या मजुराला टनामागे तोच भार पडे. म्हणजे गरिबावर तो प्रमाणाने जास्त पडे.

आणि पैसा गेला कुठे? थेम्सकाठचा व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, होबर्न व्हायाडक्ट, आणि १८६९ च्या कायद्यानंतर क्यू, किंग्स्टन यांसारख्या पुलांवरचा टोल उठवणं. कामं मोलाची होती, यात शंका नाही. पण यातलं एकही पिनरजवळ नव्हतं. शहरसुधारणेचा वाटा ज्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सकडे जाई, त्याच्या कारभाराच्या हद्दीतसुद्धा पिनर नव्हतं. कर भरायला पिनर लंडनमध्ये आणि तो कसा खर्चावा हे ठरवताना लंडनबाहेर. हा उघड अन्याय होता, आणि तो वर्षानुवर्षं चालला.

अमेरिकेत राज्याराज्यांमधल्या अशा करांना घटनेचा अडसर होता. स्वातंत्र्यानंतर तिथली राज्यं एकमेकींच्या मालावर आणि बोटींवर कर लावू लागली होती. त्या अनुभवातूनच १७८७ च्या घटनेत राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन काँग्रेसकडे सोपवलं गेलं. १८२४ मध्ये गिबन्स विरुद्ध ऑग्डेन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी न्यूयॉर्कने दिलेली आगबोटींची मक्तेदारी याच अधिकारापुढे टिकू दिली नाही. पिनरच्या रहिवाशाला असं कोर्ट नव्हतं. ब्रिटनमध्ये संसदच सर्वश्रेष्ठ. तिनेच जकात मंजूर केलेली, तेव्हा ती उठवणंही तिच्याच हाती. १८८९ साली, लंडन काउंटी कौन्सिल अस्तित्वात आली त्याच वर्षी, संसदेने कोळशाची जकात रद्द केली.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी सव्वाशे वर्षं जिवंत राहिला. राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापाराचं स्वातंत्र्य दिलं. १९६० च्या अतियाबारी खटल्यात आसाममधून कोलकात्याकडे जाणाऱ्या चहावरचा आसामचा कर सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारावर रद्द ठरवला. पण शहराच्या वेशीवरची जकात घटनेच्या राज्यसूचीतच ५२ व्या नोंदीत बसलेली होती, आणि मुलुंड, दहिसर, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत राहिल्या. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद काढून टाकली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्याबरोबर मुंबईची जकात संपली. ट्रक सुटले. महापालिकेचं सर्वांत मोठं उत्पन्नही त्याबरोबर गेलं, आणि त्याची भरपाई आता राज्य सरकारकडून येते.