मोहेशचंद्रांचा बचाव

देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीसही साधारणतः एकच घर पुढे सरत असे. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. महाराष्ट्रातील वाड्यांच्या ओसरीवर जो पट मांडला जाई, तो याच रीतीचा. तेथे उतावळेपणा उपयोगी पडत नसे. आधी घर सावरावयाचे आणि मगच चढाई करावयाची, असा त्या खेळाचा स्वभाव होता. तो पट आता बहुतांशी मोडला. परंतु त्याचा स्वभाव मात्र जगाच्या पटावर टिकून राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता. त्याचा नित्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे मोहेशचंद्र बंदोपाध्याय हा देशी पटावर वाढलेला ब्राह्मण. 1855 साली या दोघांत झालेला एक डाव विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कॉक्रेनने वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. मोहेशचंद्रांनी त्यास प्याद्याने उत्तर न देता राजाकडील घोडा काढला. कॉक्रेनने वजिराच्या उंटापुढील प्यादेही दोन घरे सरकविले, तेव्हा त्यांनी राजाच्या घोड्यापुढील प्यादे एकच घर सरकवून उंटाला वाट करून दिली. आणि पुढच्याच खेळीत वजिरापुढील प्यादे एकदम दोन घरे फेकून मध्यावर घाव घातला.

या मांडणीचे मर्म असे की, काळा खेळाडू पटाचा मध्य शत्रूच्या हवाली करतो, पण तो त्यास सुखाने भोगू देत नाही. कोपऱ्यातील उंट तिरक्या रेषेवरून मध्यावर रोखलेला असतो. उंटापुढील प्यादे बाजूने धडक देते. घोडा आणि दुसरा उंट पांढऱ्याच्या मध्याचे रक्षक हेरतात. पांढऱ्याने तो मध्य टिकविला, तर त्याला राजावर चाल करून जाता येते. तो कोसळला, तर डाव काळ्याचा. म्हणूनच ही सुरुवात धारदार समजली जाते. 1855 च्या डावात दोन्ही बेत दिसतात. मोहेशचंद्रांनी मध्यावर यथाविधि मारा केला. परंतु कॉक्रेनचा घोडा राजाजवळचे प्यादे मारून आत घुसला आणि डाव कॉक्रेनचा झाला.

सदुसष्ट वर्षांनी, 1922 साली, व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हाच बचाव खेळून अलेखाइनसारख्या खेळाडूस हरविले, आणि बचावास ग्रुनफेल्डचे नाव मिळाले. भारतात 1955 साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली; तिच्या दोन संयुक्त विजेत्यांपैकी रामचंद्र सप्रे हे एक. तेथील पट युरोपीय नियमांचा होता.

मोहेशचंद्रांचे नाव या बचावास मिळाले नाही. परंतु वजिराच्या प्याद्यास घोड्याने उत्तर देणाऱ्या साऱ्या बचावांच्या कुळास आजही जगभर ‘भारतीय बचाव’ असेच म्हणतात. नियम हरले, तरी रीत हरली नाही, हाच त्या नावाचा अर्थ.