देशी झाडांचे अंगण

घराभोवतीच्या बागेत झाड लावायचे, तर ते कोणत्या निकषावर निवडावे? सावली, फुले आणि सुगंध देणारी, कमी पाण्यावर तग धरणारी आणि पाखरांना आसरा देणारी कितीतरी झाडे आपल्याच मातीत आहेत. पुण्या-मुंबईच्या हवामानात देशी झाडांची बाग कशी आखावी, याची ही माहिती.

जून महिना उजाडला, पहिली सर येऊन गेली, की शहरातल्या रोपवाटिकांमध्ये गर्दी उसळते. नव्या घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत काहीतरी लावायचे असते आणि समोर जे हिरवेगार, फुललेले दिसते ते उचलले जाते. बॉटल पाम, ड्युरांटाचे कुंपण, बोगनवेल आणि मधोमध हिरवळीचा गालिचा हा हल्लीच्या बागेचा ठरलेला नकाशा झाला आहे. यातली बहुतेक झाडे दूरदेशची. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील, ड्युरांटा उष्ण कटिबंधातील अमेरिकेचा, बॉटल पाम मॉरिशसजवळच्या बेटांवरचा. दिसायला ती देखणी असली, तरी इथल्या कीटकांशी आणि पाखरांशी त्यांचे नाते जुळलेले नसते.

देशी म्हणजे काय?

एखादे झाड माणसाने न आणता ज्या प्रदेशात आपसूक उगवत आले, ते त्या प्रदेशाचे देशी झाड. पूजेत वापरले जाणारे प्रत्येक फूल देशी असतेच असे नाही. देवळाच्या आवारात हमखास आढळणारा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतून आला. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा, तर उन्हाळ्यात रस्ते लाल करणारा गुलमोहर मादागास्करचा. ही झाडे आता आपल्या सणावारांत आणि आठवणींत रुजली आहेत. ती उपटून टाकण्याचे काहीच कारण नाही. नवे झाड लावताना मात्र आधी देशी पर्याय पाहावा, एवढेच सांगणे आहे.

बागेसाठी आणलेले झाड बागेतच राहील, याचीही खात्री नसते. घाणेरी अर्थात टणटणी ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी भारतात आणली गेली. आज सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंतच्या जंगलांत तिची रानेच्या राने माजली आहेत. शहरांत झटपट हिरवाई यावी म्हणून लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारला २०२३ मध्ये बंदी घालावी लागली.

आपल्या भागात मुळात काय उगवत होते, हे जाणून घेण्याची साधनेही आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ब्रिटिश काळातील प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची तपशीलवार नोंद केली. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. सामान्य वाचकांसाठी श्री. द. महाजन यांची वृक्षांवरील मराठी पुस्तके अधिक सोयीची आहेत.

अळीचे पान आणि फुलपाखराचे फूल

देशी झाडांचे खरे मोल पानांत असते. फुलपाखरू मध कोणत्याही फुलातला पिते. अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालते, कारण त्याच्या अळीला तीच पाने चालतात. कढीपत्ता, बेल आणि लिंबू यांच्यावर 'लाइम' आणि 'कॉमन मॉरमॉन' या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लिंबाच्या कुळातील झाडे 'ब्लू मॉरमॉन' म्हणजेच राणी पाकोळीचीही खाद्यझाडे आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. बहाव्यावर 'कॉमन एमिग्रंट', तर सोनचाफा आणि आसूपालव यांच्यावर 'टेल्ड जे' वाढते.

याचा दुसरा अर्थ असा, की अशा बागेत पाने कुरतडलेली दिसणारच. कढीपत्त्याची चार पाने खाल्लेली दिसताच कीटकनाशकाचा फवारा हाती घेणाऱ्याच्या बागेत फुलपाखरू येणार नाही. शिंपी आणि चष्मेवाला हे पक्षीही मग फिरकत नाहीत, कारण ते याच अळ्या-किड्यांवर पोट भरतात. सहसा जोमदार झाड एवढे नुकसान सहज भरून काढते.

आधी जागा, मग झाड

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी आठवडाभर आपल्या अंगणाचे निरीक्षण करावे. ऊन किती तास आणि कोणत्या बाजूने येते, पाणी कुठे साचते, भिंत आणि गटाराची वाहिनी कुठे आहे, वरून विजेच्या तारा जातात का, हे कागदावर उतरवावे. नव्या इमारतींच्या आवारात मातीखाली बहुधा बांधकामाचा राडारोडा असतो. दोन फूट खणून पाहिले की ते कळते.

पावसाचाही विचार हवा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मुंबईत दोन हजारांहून अधिक. दोन्हीकडे तो मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. सह्याद्रीच्या उतारावरची झाडे याच चक्राला सरावलेली असतात. पहिले दोन उन्हाळे त्यांना नियमित पाणी द्यावे लागते. पुढे त्यांची गरज झपाट्याने कमी होते. हिरवळीला मात्र दर उन्हाळ्यात पाणी हवेच. टँकरची वेळ येणाऱ्या सोसायट्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा.

एक झाड, विचारपूर्वक

छोट्या अंगणात एकच मोठे झाड पुरे. त्याची निवड चुकली, तर ती सहजी दुरुस्त होत नाही. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हौसेने लावलेले झाड दहा वर्षांनी भिंतीला भिडले, की मालक आणि झाड दोघांचीही कोंडी होते. म्हणून वड, पिंपळ, उंबर ही झाडे कितीही पूज्य असली तरी ती मोकळ्या मैदानासाठी ठेवावीत. मध्यम आकाराचे झाडही भिंतीपासून किमान १० ते १२ फूट दूर असावे.

- तामण : महाराष्ट्राचे राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या तुऱ्यांनी बहरते. मुळात ओढ्याकाठचे झाड, त्यामुळे ओलसर जागी चांगले वाढते.
- बहावा : कोरड्या, मुरमाड जागीही तग धरतो. ऐन उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडतो, पण त्याच सुमारास पाने झडतात. पश्चिमेच्या उन्हाला अडवण्यासाठी म्हणूनच तो उपयोगाचा नाही.
- बकुळ : सदाहरित आणि गर्द सावलीचा. वाढ संथ, त्यामुळे धीर हवा. पश्चिम बाजूसाठी उत्तम.
- सीता-अशोक : केशरी-लाल फुलांचा, सावलीतही वाढणारा. कुंपणालगत सरळसोट उभा राहणारा 'अशोक' म्हणजे आसूपालव. त्याच्याशी याची गल्लत करू नये. निसर्गात सीता-अशोक दुर्मिळ होत चालला आहे.
- आपटा : लहान चणीचा. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने विकली जातात आणि दोन्ही झाडे ओरबाडली जातात. अंगणात आपला आपटा असेल, तर चार पाने पुरतात.
- पारिजातक : अगदी छोट्या जागेसाठी. पावसाळ्याच्या अखेरीपासून पहाटे सडा पडतो. उन्हाळ्यात झाड वाळल्यासारखे दिसते, पण ते मेलेले नसते.

झुडपे, वेली आणि कुंपण

झाडाखालचा थर झुडपांचा. येथे निवड करताना वर्षाचे बारा महिने काही ना काही फुलत राहील, असे पाहावे. हिवाळ्यात कोरांटी आणि अडुळसा, हिवाळ्याच्या अखेरीस धायटी, वळवाच्या सरीनंतर कुंती, पावसाळ्यात मुरुडशेंग असा क्रम लावता येतो. धायटी आणि मुरुडशेंगेच्या लाल फुलांवर शिंजीर पक्षी हमखास येतात. अबोली अर्धसावलीत खुलते.

कुंपणासाठी ड्युरांटाऐवजी कुंती किंवा निर्गुडी लावावी. जनावरांचा त्रास असेल तेथे अडुळसा बरा, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. काटेरी कुंपण हवे असेल तर करवंदाला तोड नाही. वैशाखात मुलांना मेवाही मिळतो.

वेलींमध्ये जुई नाजूक आणि सुगंधी. माधवीलता अर्थात हळदवेल दणकट असते, तिला भक्कम मांडव लागतो. कळलावीचे फूल पावसाळ्यात ज्वालेसारखे दिसते, पण तिचा कंद अतिशय विषारी आहे. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तेथे ती टाळावी. रुईचा चीकही डोळ्यांना घातक असतो.

जमिनीलगत सगळीकडे हिरवळ न करता पावसाळ्यात तेरडा फुलू द्यावा. त्याचे बी आपोआप पडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवते.

अंगण नसेल तर

गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल, तर कढीपत्ता, लिंबू, तुळस, कोरांटी आणि जुई कुंडीत चांगली वाढतात. कढीपत्ता आणि लिंबासाठी कुंडी किमान दीड फूट खोल असावी. एवढ्यावरही तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत फुलपाखरे येतात.

लावणीचे वेळापत्रक

- एप्रिल-मे : दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. राडारोडा काढून चांगली माती आणि शेणखत भरावे.
- जून-जुलै : दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. उंच, बारीक रोपापेक्षा बुंध्याने जाड असलेले ठेंगणे रोप निवडावे.
- ऑक्टोबर : आळे करून त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.
- फेब्रुवारी ते मे : पानगळ होते. ती पाने जाळू नयेत. तेच आच्छादन आणि तेच खत. पाणी रोज थोडे देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात.

रोपे रोपवाटिकेतूनच आणावीत. वनविभाग आणि सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांमध्ये अनेक देशी झाडे अल्प दरात मिळतात. भटकंतीला गेल्यावर सह्याद्रीतून रोपे वा कंद उपटून आणण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ती बहुधा घरी जगत नाहीत आणि डोंगरावरची जागा तेवढी रिकामी होते.

देशी बागेला पहिली दोन-तीन वर्षे फारसे रूप नसते. शेजारच्या अंगणातला गालिचा हिरवागार दिसत असताना आपला बकुळ गुडघ्याएवढाच असतो. फुलायला त्याला काही वर्षे लागतात. मात्र एकदा फुलू लागला, की त्याच्या सावलीत पुढची पिढी फुले वेचत बसते.