तुम्हाला डेंग्यू कधी झाला होता?

जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आपल्यातले बरेचजण मुलांना घेऊन भारतात जातात. तिकिटं झाली असतील, खाऊच्या आणि भेटवस्तूंच्या याद्या सुरू असतील. त्या गडबडीत एक प्रश्न विचारते. तुम्हाला स्वतःला कधी डेंग्यू झाला होता का? झाला असेल तर कुठल्या साली? आणि त्याचा काही कागद जवळ आहे का?

आधी माझं उत्तर सांगते. पुण्यात आर्टिकलशिप करत होते तेव्हा, ऑक्टोबरात, टॅक्स ऑडिटच्या ऐन धामधुमीत मला ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि पाय असे दुखत होते की कूस बदलवेना. रक्त तपासलं, डॉक्टर डेंग्यू म्हणाले, आणि दहा दिवसांनी मी परत ऑफिसात. साल २००२ की २००३, आठवत नव्हतं. रिपोर्ट कुठे गेला देव जाणे. लोकांना आठ-आठ वर्षांची व्हाउचर्स जपून ठेवायला सांगणारी मी, स्वतःच्या आजाराचा एक कागद मला सांभाळता आला नाही.

तो कागद इतका महत्त्वाचा का, हे डेंग्यूचा इतिहास वाचला तेव्हा कळलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचार सांगायला बसलेले नाही. पण हा इतिहास मुळात नोंदींचाच आहे, आणि नोंदी थोड्याफार कळतात मला.

नाव एक, ताप अनेक

आपल्याकडे डेंग्यूला हाडमोड्या ताप म्हणतात. इंग्रजीतही त्याचं जुनं नाव अगदी तसंच आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना गंमत वाटेल, पण या तापाचं सुरुवातीच्या काळातलं एक प्रसिद्ध वर्णन फिलाडेल्फियाचं आहे. १७८० सालच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिथे साथ आली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांची सही आहे, त्या डॉ. बेंजामिन रश यांनी तिचं वर्णन लिहिलं आणि ते १७८९ मध्ये छापून आलं. हाडं मोडणारा ताप, असं लोक म्हणतात, ही नोंद त्यातच आहे.

पण त्या काळी निदान म्हणजे फक्त लक्षणं पाहणं. ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ दिसलं की वहीत एकच नाव पडायचं. १८७१ नंतर पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारकडून भारतात पोचलेली एक मोठी साथ डेंग्यू म्हणून नोंदली गेली. ती बहुधा चिकुनगुनियाची असावी, असं आज अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे शंभर वर्षं दोन वेगळ्या खात्यांची रक्कम एकाच खात्यात जमा होत राहिली. नुसती लक्षणं पाहून आजही हा गोंधळ होऊ शकतो, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

डास सापडला, मग विषाणू

१९०६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या थॉमस बॅनक्रॉफ्ट यांनी दाखवलं की हा ताप एडिस इजिप्ती डासाकडून पसरतो. हा डास मूळचा आफ्रिकेतला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो जगभर गेला, म्हणजे आपल्यासारखाच परदेशी स्थायिक झालेला! पुढच्याच वर्षी मनिलाजवळ अ‍ॅशबर्न आणि क्रेग या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी रुग्णाचं रक्त अतिसूक्ष्म गाळणीतून गाळलं आणि स्वयंसेवकांना टोचलं. तरीही ताप आला. याचा अर्थ कारण जंतूपेक्षाही लहान होतं.

मग १९२६ मध्ये मनिलातच सायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसांचा हिशेब मांडला. रुग्णाला चावलेला डास लगेच आजार देत नाही. त्याच्या पोटात विषाणू वाढायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि त्यानंतर मात्र तो मरेपर्यंत आजार पसरवू शकतो. डास चावल्यावर माणसाला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस.

विषाणू प्रत्यक्ष हाती लागला तो दुसऱ्या महायुद्धात. हवाई हल्ल्यांत लागणाऱ्या आगी विझवण्यासाठी जपानी शहरांत जागोजाग पाण्याच्या टाक्या ठेवल्या होत्या. त्यांत डासांची पैदास झाली आणि नागासाकीसारख्या बंदरांत साथ पसरली. १९४३ मध्ये रेन किमुरा आणि सुसुमु होत्ता यांनी तिथल्या रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा केला. त्यांचा निबंध जपानीत होता, युद्ध चालू होतं, बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेच्या अल्बर्ट सेबिन यांनी आजारी सैनिकांच्या रक्तातून विषाणू मिळवले. पुढे पोलिओची तोंडातून द्यायची लस काढली तेच हे सेबिन. ते नमुने हवाई, न्यू गिनी आणि आपल्या कलकत्त्याहून आलेले होते. ते ताडून पाहताना कळलं की डेंग्यू एक नाही, किमान दोन आहेत. १९५६ मध्ये मनिलात विल्यम हॅमन यांना आणखी दोन सापडले. एकूण चार.

आणि खरी अडचण या चारमध्येच आहे.

बँकॉकची बाळं

एका प्रकारचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासून मिळतं ते जेमतेम काही महिन्यांचं. इथपर्यंत ठीक. पण १९५० च्या दशकात मनिला आणि बँकॉकमध्ये मुलं वेगळ्याच रीतीने दगावू लागली. ताप उतरायच्या वेळेला पोट दुखायचं, हातपाय थंड पडायचे, रक्तस्राव व्हायचा, आणि काही तासांत मूल हातचं जायचं. कारण ताप उतरताना रक्तवाहिन्यांतला पाण्याचा अंश बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळतो.

१९६० च्या दशकात स्कॉट हालस्टेड हे अमेरिकन डॉक्टर बँकॉकमध्ये या मुलांच्या नोंदी तपासत होते. त्यांना दोन गट दिसले. एक गट थोड्या मोठ्या मुलांचा, ज्यांना डेंग्यू दुसऱ्यांदा झाला होता. दुसरा गट वर्षाच्या आतल्या बाळांचा, ज्यांना तो पहिल्यांदाच झाला होता. ताळा जुळेना. मग लक्षात आलं की त्या बाळांच्या आयांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता, आणि आईच्या पोटात असताना मिळालेली तिची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात होती. प्रतिपिंडं भरपूर असतात तोवर ती राखण करतात. ती कमी झाली, किंवा दुसऱ्याच प्रकाराशी गाठ पडली, की तीच विषाणूला पेशींत शिरायला मदत करतात. घरच्या राखणदारानेच चोराला दार उघडून द्यावं, तसं.

क्युबाची वही

ही कल्पना अनेकांना पटली नव्हती. तिला मोठा आधार मिळाला तो क्युबामुळे. तिथे अनेक वर्षं डेंग्यू नव्हता. १९७७ मध्ये प्रकार १ आला आणि लाखो लोकांना सौम्य ताप देऊन १९७९ पर्यंत ओसरला. १९८१ मध्ये प्रकार २ आला. त्या वर्षी ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १०,३१२ गंभीर. १५८ जण गेले, पैकी १०१ मुलं होती. गंभीर रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तर बहुतेकांना आधीचा ताप येऊन गेलेला होता.

यानंतरचं वाचून मी खरोखर थबकले. १९९७ मध्ये क्युबातल्या सांतियागो शहरात प्रकार २ पुन्हा आला. या वेळी गंभीर आजारी पडले ते जवळजवळ सगळे मोठे लोक, १९७७-७९ ची साथ अनुभवलेले. त्यानंतर जन्मलेली मुलं बहुतांशी वाचली. मारिया गुस्मान आणि गुस्ताव्हो कौरी यांच्या गटाने दोन्ही साथींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा दिसलं की चार वर्षांनी झालेल्या दुसऱ्या डेंग्यूपेक्षा वीस वर्षांनी झालेला जास्त जीवघेणा ठरला.

क्युबाला हे सांगता आलं कारण त्यांच्याकडे तारखा होत्या. कुणाला कधी, कुठला. आता आपल्या वयाचा हिशेब करा. आपल्यापैकी कितीजणांना कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत असताना ताप येऊन गेलाय? त्याला साधारण वीस वर्षंच झाली, नाही का?

घाबरवायचं नाहीये. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेक लोकांनाही गंभीर काही होत नाही. पण जे गंभीर होतात, त्यांच्यात दुसऱ्यांदा झालेले जास्त असतात.

जुनी नोंद नसली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण फिलिपिन्सचं. २०१६ मध्ये तिथे शाळकरी मुलांना डेंग्यूची पहिली लस द्यायला सुरुवात झाली. आठ लाखांहून जास्त मुलांना ती दिली गेली. कुणाला आधी डेंग्यू होऊन गेलाय हे तपासलं नव्हतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांना लस घेतल्यावर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. मोहीम थांबली, आणि लोकांचा इतरही लसींवरचा विश्वास उडाला. आता दुसरी लस आली आहे. मी राहते त्या ब्रिटनमध्ये ती प्रवाशांना मिळते, पण सुचवली जाते ती मुख्यतः आधी डेंग्यू होऊन गेलेल्यांना. पुन्हा तोच प्रश्न: कधी झाला होता?

मग आपण काय करायचं?

एक, दिवस मोजा. भारतातून निघाल्यापासून १४ दिवसांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात प्रवास सांगा. इथले डॉक्टर फ्लू समजतील, कारण त्यांच्या रोजच्या पाहण्यात डेंग्यू नाही. ताप दोन आठवडे उलटून गेल्यावर सुरू झाला, तर कारण बहुधा दुसरं असतं. मलेरियाची तपासणी मात्र कधीही वगळू नका, तो खूप उशिराही येतो.

दोन, कुठली चाचणी आणि कितव्या दिवशी, ते विचारा. विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१ चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची. प्रतिपिंडांची आयजीएम चाचणी साधारण पाचव्या दिवसापासून. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने बनवलेले आयजीएम किट भारतभर सरकारी तपासणीत वापरले जातात. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम करून रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होणं म्हणजे जूनमध्ये मार्चचा ताळेबंद मागण्याऐवजी जानेवारीतच मागण्यासारखं आहे. आणि दुसऱ्यांदा झालेल्या डेंग्यूत आयजीएम फिकट दिसू शकतं, म्हणूनही जुनी माहिती सांगायची.

तीन, डेंग्यूची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्रत्येक घरच्या कपाटात ते असतं, म्हणून मुद्दाम सांगते.

चार, ताप उतरला की विमानात बसायची घाई नको. तापाचा तिसरा ते सातवा दिवस, आणि ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस हेच सगळ्यात नाजूक. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, यांतलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. फोनवर सगळे विचारतात, "प्लेटलेट्स किती?" डॉक्टर मात्र रक्त किती घट्ट झालंय तेही पाहतात. तो आकडाही विचारा.

पाच, डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी जास्त. फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. आजीकडे गेल्यावर कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचं जुनं टायर आणि फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा करा. मुलांना हे काम आवडतं.

आणि सहा, एक यादी करा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, डेंग्यू कधी, कुठल्या गावी, रिपोर्टचा फोटो. लागण होऊनही अनेकांना लक्षणं दिसत नाहीत, त्यामुळे यादी पूर्ण कधीच होणार नाही, पण जे माहीत आहे ते तरी लिहा. जुनी लागण नंतर रक्तातून शोधता येते, पण पिवळ्या तापाची किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतलेली असेल तर त्यात घोळ होऊ शकतो. जुना कागद तो जुना कागद.

माझं साल कसं मिळालं ते सांगून थांबते. आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तू तापाने फणफणली होतीस तेव्हा दसऱ्याला आपला नवा फ्रिज आला होता. तुझी पेज मी त्यातच ठेवायचे." बाबांनी पाच मिनिटांत फाइल काढली. फ्रिजचं वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का, ऑक्टोबर २००३.

फ्रिज कधीच भंगारात गेला, त्याचं कार्ड आहे. मुलीच्या डेंग्यूचा रिपोर्ट नाही. आता निदान साल तरी मी लिहून ठेवलंय. आज रात्री तुम्हीही घरी फोन लावा, आणि आई-बाबांना त्यांचंही विचारा.